चिलखताखालची चुंबळ

उरणहून पनवेलला येणारी बस न्हावा शेव्याच्या वळणावर अडकणे ही मुद्दाम सांगण्यासारखी गोष्ट नाही. कंटेनरच्या गाड्या एकामागे एक उभ्या राहतात, चालक इंजिने बंद करून खाली उतरतात आणि बसमधली माणसे खिडकीला डोके टेकून डुलक्या घेतात. मला ज्या दुपारविषयी लिहायचे आहे, त्या दुपारीही बस तशीच थांबली होती. मी नुकताच निवृत्त झालो होतो. उरणच्या एका वायुप्रकल्पाच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ म्हणून नोकरीचा सारा काळ काढला होता आणि निवृत्तीनंतर राहिलेल्या काही सह्या करून घरी परतत होतो. खिडकीतून बंदराचे एक फाटक दिसत होते. फाटकाशी गणवेशातली एक मुलगी ट्रकचालकाचे कागद तपासत होती. ती माझी मुलगी होती.

सुरक्षा दलात तिची नेमणूक झाली होती आणि तिला बंदराची फाटके सांभाळावी लागत, एवढे मला ठाऊक होते. पण कामावर असताना मी तिला कधी पाहिले नव्हते. घरी सतत बोलणारी मुलगी तिथे नुसती मान हलवून गाडी पुढे सोडत होती. तिच्यामागे काचेची केबिन होती, केबिनच्या दाराशी प्लास्टिकची खुर्ची, आणि त्या खुर्चीच्या पाठीवर तिचे बुलेटप्रूफ जॅकेट चढवलेले होते. खुर्चीला ते अगदी मापात बसले होते. त्या फाटकावर त्या वेळी गोळीपासून कोणी सुरक्षित असेल, तर ती खुर्ची.

मी बसमधून उतरलो नाही. उतरून काय बोलायचे, हे ठरवेपर्यंत बस सुटली.

घरीही मी विषय काढला नाही. माझे आणि मुलीचे संबंध उत्तम आहेत, पण ते विजेचे बिल, गॅसचा सिलिंडर, तिच्या गाडीच्या टायरमधली हवा अशा विषयांवर उभे आहेत. त्याहून नाजूक काही असले की ते तिच्या आईमार्फत येते आणि आईमार्फतच जाते. त्यामुळे मी पत्नीलाच विचारले, आणि तिला हे सारे आधीपासून माहीत होते.

“टोचतं तिला ते,” पत्नी म्हणाली. “पुरुषांच्या मापाचं आहे. खांद्याला काचतं, बगलेत घासतं. बाजूचा पट्टा तर ती बांधतच नाही. साहेब यायचे असले की चढवते, साहेब गेले की काढते.”

“तू तिला काही बोलली नाहीस?”

“बोलले. ती म्हणाली, तू घालून बघ.”

त्यानंतर माझ्यापुढे एकच प्रश्न राहिला, आणि पुढे जे काही घडले ते त्या प्रश्नापायी घडले: माझ्या मुलीने ते जॅकेट कामाच्या पूर्ण वेळ, पट्टा बांधून, अंगावर कसे ठेवावे?

निवृत्तीनंतर शिकायचे, हे माझ्या मनात पूर्वीपासून होते. एमएस्सी झाल्यावर संशोधन करावे अशी इच्छा होती, पण तेव्हा नोकरी आली आणि नोकरीमागून घर आले. आता पनवेलजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी पीएचडीसाठी अर्ज केला. विषय निवडताना मी वनस्पतींच्या धाग्यांपासून बनवलेली, गोळी अडवणारी पॅनेले हा विषय लिहिला. मार्गदर्शक म्हणून लाभलेल्या बाई माझ्याहून वयाने बऱ्याच लहान होत्या. त्या मला ‘सर’ म्हणत, मी त्यांना ‘मॅडम’ म्हणे, आणि आम्हा दोघांपैकी आधी कोणी बसायचे यावरून पहिले काही दिवस आम्ही दोघेही उभेच राहत असू. मुलाखतीत त्यांनी विचारले, “हाच विषय का?” मी सांगितले की कच्चा माल स्थानिक आहे आणि स्वस्त आहे. ते खोटे नव्हते. पण मनात वेगळाच हिशोब होता. अंबाडीचा धागा हाताला हलका लागतो. त्याचे पॅनेलही हलके होईल, जॅकेट हलके होईल, आणि हलके झाले की ती ते घालील.

गोळी अडवायला वस्तू नुसती कठीण असावी लागते, असा माझाही समज होता. वाचू लागल्यावर तो गेला. गोळीला अडवायचे म्हणजे तिचा वेग खाऊन टाकायचा. पुढे सिरॅमिकची कठीण फरशी असते. तिच्यावर आदळून गोळीचे टोक फुटते. मागे रेझिनमध्ये बसवलेले धाग्यांचे थर असतात. ते ताणले जातात, तुटतात, एकमेकांपासून सुटतात, आणि या प्रत्येक क्रियेत गोळीची थोडी ऊर्जा खर्ची पडते. फुटलेल्या फरशीचे आणि गोळीचे तुकडेही हेच थर धरून ठेवतात. या मागच्या थरांसाठी महागडे कृत्रिम धागे वापरतात. त्यांच्या जागी ताग, अंबाडी, घायपात, काथ्या यांपैकी काही चालेल का, हे अनेक ठिकाणी लोक तपासून पाहत आहेत. मीही त्या रांगेत जाऊन उभा राहिलो.

प्रयोगशाळेतले विद्यार्थी मला ‘काका’ म्हणत. विणलेल्या अंबाडीचे पहिले तुकडे टेबलावर पसरले, तेव्हा एकजण म्हणाला, “काका, हे चिलखत की बारदान?”

दुसऱ्याने उत्तर दिले, “बारदानच. आत कांदे भरायचे. गोळी आली की कांद्याला लागते, रडायचं मारणाऱ्याने.”

मीही हसलो. प्रत्युत्तर मला सहसा दुसऱ्या दिवशी सुचते.

अंबाडीची ताटे मी ओवे गावाच्या बाजूने आणली होती. तिथे एका जुन्या घरामागे अजून भाजीसाठी अंबाडी लावत. ताटे ते फेकूनच देत. ती कुजवून वाख, म्हणजे सालीतला धागा, सोडवावा लागतो. कुजवण्यासाठी महाविद्यालयात जागा नव्हती, म्हणून मी आमच्या बाल्कनीत प्लास्टिकचे पिंप ठेवले. आठवड्याने त्या पिंपाला असा वास सुटला की वरच्या मजल्यावरून विचारणा झाली. पत्नीने त्यांना सांगितले की साहेब शिकताहेत.

त्याच सुमारास दारावर येणाऱ्या मासळीवालीनेही नाकाला पदर लावला. ती उरणकडची. पाटी खाली उतरवली की डोक्यावरची चुंबळ ती काढून कठड्यावर ठेवी: जुन्या लुगड्याची घट्ट वळलेली, मधे भोक असलेली, माशांच्या पाण्याने काळपट झालेली कापडाची कडी. आमच्याकडे खवले आणि पर नसलेले काही चालत नाही, हे तिला इतक्या वर्षांत पाठ झाले होते, तरी ती प्रत्येक वेळी विचारायची.

“कोलंबी हाय ताजी. घेता?”

“नाही हो.”

“चिंबोरी?”

“नाही.”

“कोलंबी नाय, चिंबोरी नाय. तुमी मावरं खाता का मावऱ्याचं नुसतं नाव घेता?” मग ती पाटीच्या तळाशी वेगळी ठेवलेली खवल्यांची बोय काढून देई. “आनि ता पिंपात काय मेलंय तुमच्या?”

“धागा आहे,” पत्नीने सांगितले. “त्याचं बुलेटप्रूफ जॅकेट करणार आहेत.”

“आसं?” तिने पिंपात डोकावून पाहिले. “गोली कशाला आत शिरंल? वासानीच मागं फिरंल.”

आम्ही कोकणातले ज्यू. पूर्वज तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. त्यावरून गावोगावी आम्हाला शनिवारतेली म्हणत. आता घाणे राहिले नाहीत. माझे दोन्ही भाऊ देश सोडून गेले, आणि पनवेलच्या आसपास आमची मोजकीच घरे उरली आहेत. मी फार कर्मठ नाही. नोकरीत असताना शनिवारच्या पाळ्याही केल्या. निवृत्त झाल्यावर मात्र शनिवार पुन्हा घरी आला, आणि तो मी मनापासून पाळू लागलो. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत घरी पोहोचायचे, पत्नीने दिवा लावायचा, काळ्या मनुकांचे सरबत आणि कापडाखाली झाकलेला पाव मधे ठेवून प्रार्थना म्हणायची, आणि मग दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत कशालाही हात लावायचा नाही.

या सवयीतूनच माझी चूक झाली.

श्रावण सुरू होता. चाचणीसाठी शेवटची पॅनेले करायची होती आणि धागे ओव्हनमध्ये वाळत होते. वनस्पतीचा धागा पाणी पितो. वाळवून काढला की त्याला ताबडतोब रेझिनमध्ये घालावे लागते, नाहीतर हवेतली ओल तो पुन्हा ओढून घेतो. शुक्रवारी दुपारी हॉट प्रेसवर, म्हणजे पॅनेले तापवून दाबणाऱ्या यंत्रावर, दुसऱ्या कोणाचे काम चालू होते आणि ते लांबले. सूर्य खाली जाऊ लागला. मी ओव्हन बंद केला, विणलेले तुकडे बाहेर काढून एकावर एक रचले आणि धुतलेले सुती कापड त्यांच्यावर व्यवस्थित झाकून, कडा खाली खोचून घरी गेलो. हवा न शिरणाऱ्या पिशव्या हाताशीच, खणात होत्या. पण शुक्रवारच्या त्या वेळेला एखादी गोष्ट दुसऱ्या दिवसापर्यंत जपून ठेवायची म्हणजे तिच्यावर स्वच्छ कापड घालायचे, हे माझ्या हातांना इतके सवयीचे होते की त्यांनी मला विचारलेही नाही.

रविवारी सकाळी परवानगी काढून मी प्रयोगशाळा उघडली आणि पॅनेले दाबली. वरून ती चांगली दिसत होती. मला समाधान वाटले.

चाचणी दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेत होती. मॅडम आणि मी दोघेही गेलो. पॅनेल चौकटीत आवळतात, त्याच्या मागे मऊ चिकणमातीचा ठोकळा ठेवतात आणि ठरावीक अंतरावरून पिस्तुलाची गोळी झाडतात. पॅनेलने गोळी अडवली तरी मागच्या मातीत खळगा पडतो. तो खळगा मोजतात, कारण तेवढा धक्का माणसाच्या छातीला बसलेला असतो. हे मी वाचले होते. प्रत्यक्ष पाहताना मात्र मी त्या मातीकडे फार वेळ बघू शकलो नाही.

आधीच्या आठवड्यांत केलेल्या पॅनेलांनी गोळी अडवली. रविवारी केलेल्यांनी अडवली नाही. गोळी पार गेली आणि मागचे थर भिजलेल्या पुस्तकाच्या पानांसारखे सुटून आले. तुटलेल्या कडेला लहान लहान पोकळ्या दिसत होत्या. धाग्यातल्या पाण्याची दाबाखाली वाफ झाली होती आणि तिने आत घर केले होते.

परतताना मॅडमनी गाडीत विचारले, “सर, ही बॅच कधी वाळवली होती?”

मी सांगितले. शुक्रवार, प्रेसचा खोळंबा, सूर्यास्त, कापड. मला वाटले, आता रागावतील, आणि रागावल्या असत्या तर ते योग्यच झाले असते.

“दीड दिवस कापडाखाली,” त्या म्हणाल्या. “पनवेलच्या हवेत. म्हणजे चिंब झाले असणार. हे सगळं लिहा, सर. ओलीचा एक वेगळा चॅप्टर होईल. मुद्दाम कोणी असा प्रयोग केला नसता.”

“कारण काय लिहू?”

“कारण लिहा, धागे उघड्या हवेत राहिले. देवाला मधे कशाला आणायचं?”

मग घाटातून उतरताना त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली, आणि माझ्या दृष्टीने तीच खरी होती. माझी चांगली पॅनेले गोळी अडवत होती, पण त्यासाठी ती जाड करावी लागली होती. तेवढेच काम कृत्रिम धाग्याचे पॅनेल कमी जाडीत आणि कमी वजनात करते. सिरॅमिकच्या मागे लावायला, वाहनाच्या दारात बसवायला, जिथे वजनापेक्षा किंमत महत्त्वाची आहे तिथे अंबाडी उपयोगी पडेल. “पण अंगात घालायचं जॅकेट याने हलकं होणार नाही, सर,” त्या म्हणाल्या. “स्वस्त होईल. हलकं नाही.”

वाचताना मला हे दिसले नव्हते असे नाही. आकडे समोर होतेच. पण आकड्यांकडे पाहणारा रसायनतज्ज्ञ आणि बसच्या खिडकीतून पाहणारा बाप, यांची तोवर भेट झाली नव्हती.

घरी आलो तेव्हा मुलगी जेवायला बसली होती. तिचा गणवेश दोरीवर टांगलेला होता आणि घरच्या सैल कुडत्याच्या गळ्यापाशी, खांद्याच्या हाडावर, लाल व्रण दिसत होता. म्हणजे त्या दिवशी साहेब आले होते. मी हात धुऊन बसलो आणि पत्नीला म्हणालो, “तिला विचार, जॅकेट नेमकं कुठे टोचतं.”

पत्नीने भाताचा चमचा खाली ठेवला. “ती तुमच्यासमोर बसली आहे. तुमच्या तोंडाला काय झालंय?”

मुलगी हसू लागली. “पप्पा, तुमचं जॅकेट पास झालं का नापास?”

“पास झालं,” मी म्हणालो. “पण जड आहे. तुझ्या जॅकेटहून जड.”

“म्हणजे ते माझ्यासाठी चाललं होतं?”

मी आमटी वाढून घेतली. तिने आईकडे पाहिले. आईने लोणच्याची बरणी तिच्याकडे सरकवली. त्यानंतर मुलगी जे बोलली ते तिने सरळ माझ्याकडे पाहून सांगितले, आणि तसे आमच्यात क्वचितच होते.

“पप्पा, वजनाचं काही नाही हो. वजन मी ट्रेनिंगपासून उचलते. ते बसत नाही अंगावर. खांद्याच्या हाडावर पट्ट्याची कड येते. बाजूचा पट्टा ओढला की बगलेखाली कातडं सोलवटतं. आणि पाठीला घाम आला की त्याला जायला वाट नाही, सगळं चिकटतं. आमच्यातल्या सगळ्याजणींचं तेच रडगाणं आहे.” मग तिला एकदम काहीतरी सुचले. “ती आपली मासळीवाली बघा. त्या पाटीचं वजन माझ्या जॅकेटच्या दुप्पट असेल. ती काय म्हणते का, पाटी हलकी करून द्या? मला चिलखत नको, पप्पा. मला एक चुंबळ वळून द्या.”

तिने ते थट्टेने म्हटले होते. पत्नीही हसली. मी जेवण उरकले, उठलो आणि हात धुवायला न्हाणीघरात गेलो. नळाशेजारी खिळ्याला घोसाळ्याची जाळी टांगलेली होती. अंग घासायला आमच्याकडे पूर्वीपासून तीच वापरतात. सोसायटीच्या मागच्या भिंतीवर पत्नीने घोसाळ्याचा वेल चढवला आहे. एखाददुसरे घोसाळे न काढता वेलीवरच वाळू दिले की साल निघून आतली जाळी हाती येते. मी ती ओली जाळी मुठीत दाबली आणि सोडली. ती पुन्हा फुगून पूर्ववत झाली. हवेला हवी तेवढी वाट होती. पाणी प्यायची आणि लगेच गळू द्यायची. ज्या गुणाने माझी पॅनेले निकामी केली, तोच गुण इथे खिळ्याला टांगलेला होता आणि त्याने मी रोज अंग घासत होतो.

दुसऱ्या दिवशी मॅडमना मुलीचे सगळे सांगितले आणि विचारले. जॅकेटच्या आत, अंगालगत, अशी पातळ जाळी आली तर काही बिघडेल का? त्यांनी विचार केला. “पॅनेलला हात लावायचा नाही, शिवण उसवायची नाही. आत काय घालायचं हा कपड्यांचा प्रश्न आहे, आर्मरचा नाही. फक्त पातळ ठेवा, जॅकेट वर उचललं जाता कामा नये.” आणि मग, जरा थांबून, “सर, मुलाखतीत हे सांगायचं होतं. मी विषय नाकारला नसता.”

पहिली गादी मी एकट्याने केली आणि ती वाईट झाली. वाळलेली जाळी कापून, चपटी करून, जुन्या बनियनच्या कापडात शिवली. मुलीने ती एका पाळीत घातली आणि घरी येऊन टेबलावर ठेवली. “पप्पा, ही चुंबळ नाही. हे साळिंदर आहे.”

वाळकी जाळी बोचते, ओली झाली की मऊ पडते. न्हाणीघरात ती नेहमी ओलीच हाती लागते, म्हणून हे माझ्या ध्यानात आले नव्हते. मग मी जाळी रात्रभर भिजत घातली, बाहेरचे राठ धागे खरडून काढले, मधल्या कप्प्यांच्या भिंती कापल्या, लाटण्याने लाटली आणि ओलसर असतानाच दोन फळ्यांमध्ये दाबून वाळवली. हॉट प्रेसची गरज पडली नाही. खोळ पत्नीने शिवली. तिच्या एका धुऊन धुऊन मलमलीसारख्या झालेल्या सुती साडीचा काठाकडचा भाग तिने त्यासाठी फाडला. खांद्यांसाठी दोन, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना दोन उभ्या पट्ट्या, आणि बगलेखाली दोन. मापे पत्नीने घेतली. मी दुसऱ्या खोलीत बसून ती उतरवून घेतली.

“डावीकडे चार बोटं,” पत्नी आतून म्हणे.

“कोणाची बोटं?” मी विचारी.

“पप्पा, तुम्ही पीएचडी करताय ना?” मुलगी आतून ओरडे. “टेप द्या तिला.”

हे सारे एका सैल बिनबाह्यांच्या बंडीला आतून टाचले. बंडी गणवेशाच्या शर्टावर आणि जॅकेटच्या आत घालायची. परवानगीचा प्रश्न होता. मुलीने तिच्या साहेबांना विचारले. साहेब म्हणाले, आत स्वेटर घाल नाहीतर गोधडी घाल, वरून पट्टा बांधलेला दिसला पाहिजे.

त्यानंतर काही दिवस तिने त्याविषयी चकार शब्द काढला नाही. बंडी पिशवीतून जायची आणि पिशवीतून यायची. ती वापरली जाते की नुसती फिरते, हे विचारायला मी दोनदा तोंड उघडले आणि दोन्ही वेळा तिच्या गाडीच्या टायरमधल्या हवेविषयी बोललो. उरणला जाण्याचे मला एकदा निमित्तही मिळाले. बस फाटकाजवळ आली तेव्हा नेमकी रस्त्यात गर्दी नव्हती. खिडकीतून एवढेच दिसले की केबिनच्या दाराशी खुर्ची आहे आणि खुर्चीवर कोणीतरी बसलेले आहे.

प्रबंधाचे काम पुढे चालू होते. धागे आता मी बुधवारी वाळवू लागलो. पिशवी बंद करताना विद्यार्थ्यांपैकी कोणीतरी नेमाने ओरडे, “काका, कापड घालायचं राहिलं.” मी ओलीचा चॅप्टर लिहीत होतो. तो इतर चॅप्टरांपेक्षा बरा उतरत होता, असे मॅडमचे म्हणणे.

एका शुक्रवारी दुपारी मी लवकर घरी आलो. मुलगी पहाटेच्या पाळीवरून येऊन झोपली होती. बाल्कनीत, पूर्वी पिंप ठेवले होते त्या जागेवरच्या दोरीवर, बंडी धुऊन वाळत घातलेली होती. मी ती दोरीवरून काढली नाही. जवळ जाऊन पाहिली. तुटलेल्या, दबलेल्या वस्तू पाहून त्यांच्यावर काय ओढवले असेल हे सांगण्याचे शिक्षण मी गेले काही महिने घेत होतो.

खांद्यावरच्या गाद्या दबल्या होत्या. त्यावरून काही सिद्ध होत नव्हते. साहेब येऊन जाईपर्यंतच जॅकेट अंगावर चढवले, तरी खांदे दबतात. पाठीच्या पट्ट्यांवर घामाच्या मिठाच्या कडा होत्या, धुऊनही न गेलेल्या. मग मी बगलेखालच्या गाद्या पाहिल्या. दोन्हींवर, खोळीच्या आतून जाळीत, पट्ट्याच्या रुंदीची सरळ खोलगट खूण उमटली होती. बोट फिरवले तर कडा लागत होत्या. मधली जाळी धुतल्यावरही पुन्हा पूर्ण फुगली नव्हती. जॅकेट नुसते अंगावर टाकले तर तिथे काहीच टेकत नाही. तिथे खूण उमटायची, तर बाजूचा पट्टा ओढून बांधावा लागतो, आणि तो तसा पुष्कळ वेळ बांधलेला असावा लागतो.

“काय तपासताय?” मुलगी मागे उभी होती, डोळे चोळत.

“वाळली का पाहतो.”

“वाळली असेल.” ती कठड्याला टेकली. “पप्पा, आणखी एक कराल? माझ्यासोबत जी असते ना, तिला पाहिजे. ती रोज माझी मागते. आणि बगलेतल्या थोड्या लांब करा, खालपर्यंत.”

“तिचं माप?”

“मम्मी घेईल. तुम्ही दुसऱ्या खोलीत बसा.”

स्वयंपाकघरातून पत्नीने सांगितले की करा खुशाल, पण न्हाणीघरातली शेवटची जाळीही तुम्ही कापलीत, घरात अंग घासायला काही उरलेले नाही, आणि वेलीवरची घोसाळी या आठवड्यात भाजीला काढायची आहेत. शेजारच्या बाईंनीही मागितली आहेत.

दिवा लागायला अजून अवकाश होता. मी कात्री आणि साडीच्या उरलेल्या काठाच्या चिंध्या घेऊन खाली गेलो. भिंतीवर वेल चांगला पसरला होता. बियाण्यासाठी राखायच्या फळाला आमच्याकडे चिंधी बांधतात, म्हणजे ते कोणी तोडत नाही. मी लांब आणि सरळ वाढलेली घोसाळी निवडली आणि एकेकाच्या देठाला चिंधी बांधत गेलो. भिंतीपलीकडून शेजारच्या बाईंनी विचारले, “सगळीच बियाला ठेवता की काय?”

“हो,” मी म्हणालो, आणि पुढचे घोसाळे शोधू लागलो.